दोन वर्षांपुरतं

सोहारला उतरलो तेव्हा मोरेश्वर म्हणाले,
दोनच वर्षांचा प्रश्न आहे, काहीही चालेल.
म्हणून शंभर बैशांच्या दुकानातून
एका फेरीत घर आणलं :
बादली, मग, चाळण, बारा चिमटे,
आणि एक तवा, इतका हलका
की पोळी टाकली की तोच फुगायचा.

पहिल्याच मे महिन्यात चिमटे गेले.
दोरीवर ऊन खाऊन खाऊन
बोट लागताच कटकन मोडले.
बादलीची कडी माझ्या हातात आली
आणि बादली जिन्यात राहिली.
मी वहीत मांडत गेले. तीन वर्षांत नऊ बादल्या.
एव्हाना पितळी घंगाळ आलं असतं.
तोवर दोन वर्षांची चार झाली होती,
पासपोर्टात नवा कागद चिकटला होता.

मग सूकमध्ये गेले, पीरबक्षकडे.
बलुची माणूस, बोलायचा कमी, ठोकायचा जास्त.
त्याने लोखंडी तवा पुढे सरकवला, मनगट वाकवणारा.
किंमत ऐकून मी उठलेच.
तो म्हणाला, फुटला तर परत आण,
लोखंड कसं फुटतं ते मलाही बघायचंय.

तिथून सवय लागली.
नवी वस्तू आधी उलटी करून बघायची :
स्क्रू आहेत, की नुसतीच चिकटवलीय?
पंखा घेतला, ज्याची मोटर उघडता येते.
कुकर, ज्याची रिंग मिळते.
चपला, ज्यांना टाका घालता येतो.
माणसंही मी तशीच बघू लागले,
हे आपलं आपल्यात.

आई म्हणायची, तहान लागल्यावर विहीर खणू नये.
इथे आधी खणली तरी खारंच लागतं.
पलंगाखाली पाण्याचे सहा कॅन, तारखा खडूने.
तांदळात कडुलिंब, गल्लीतल्याच झाडाचा.
डब्यात भाजणी, मेतकूट,
आणि इथली काळी सुकी लिंबं.
मेणबत्त्या मात्र फसल्या.
ऑगस्टात कपाटातल्या कपाटात
त्या कमरेत वाकल्या, एकमेकींना बिलगून निजल्या.
तेव्हापासून समई. कुठलंही तेल पिते, कुरकुर नाही.

शेजारची लीलाम्मा हसायची,
युद्ध येणार आहे का गं?

आलं ते वादळ.
एरवी बकऱ्या चरायच्या ती कोरडी वादी
रस्त्यावर आली, दोन गाड्या घेऊन गेली.
तीन दिवस वीज नाही.
दुसऱ्या रात्री लीलाम्मा दारात, दोन्ही जुळ्यांना घेऊन,
हातात चार्जिंगचा दिवा, मेलेला.
मी काही बोलले नाही. कॅन उचलून दिला.
(बोलावंसं खूप वाटलं होतं.)

त्या रात्री समईच्या उजेडात
अख्ख्या इमारतीची थालीपिठं झाली,
एकाच तव्यावर, पहाटेपर्यंत.
घरमालक अबू हिलाल मांडी घालून बसला, तीन खाल्ली,
आणि वरून खजुराचा डबा घेऊन आला.
आईने दाबून ठेवलेत, म्हणाला,
ती अजून विजेवर विश्वास ठेवत नाही.

आता मोरेश्वरांचं फायनल एक्झिट.
दोन वर्षं, अकरा वेळा.
विमानात माणशी तीस किलो.
काट्यावर तवा ठेवला : पावणेतीन.
वही काढली. बायकोची औषधं, मुलाचे फोटो,
मोरेश्वर हिशेब वाचत होते, मी ऐकत नव्हते.
टिकाऊ वस्तूंचा हा दोष
पीरबक्षने सांगितला नव्हता :
त्या आपल्यापेक्षा जास्त राहतात.

समोरच्या घरात नवं जोडपं आलंय, वाईचं.
मुलीचं नाव शर्वाणी, केस अजून हळदीच्या वासाचे.
तवा दिला, तर हाताला वजन लागून दचकली.
कशाला काकू, म्हणाली,
आम्ही दोनच वर्षं आहोत इथे.

हो, हो, मी म्हटलं.
रोज रात्री तेलाचं बोट फिरवून ठेव.
आणि साबण लावू नकोस.